तुळशीदासाने जोडलेला रस्ता

गिरणीच्या संपाला दोन वर्षं उलटून गेल्यावर तुळशीदास पेडणेकराला एक रस्ता मिळाला. कागदावरचाच, पण केवढा! इस्तंबूलहून निघायचा, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली करत ब्रह्मदेश ओलांडून पार सिंगापूर गाठायचा, आणि मधूनच त्याचा एक फाटा खाली मुंबईला उतरायचा. प्रभादेवीच्या एका इंजिनिअरांच्या कचेरीत त्याचा नकाशा तयार होत होता, आणि त्यावर गावांची नावं लिहायचं काम तुळशीदासाकडे आलं होतं.

त्याआधी एकोणीस वर्षं तो परळच्या गिरणीत साळखात्यात, विणकामाला होता. चार साचे, म्हणजे माग, एकटा सांभाळायचा. संपात साचे बंद पडले, हात रिकामे झाले, तेव्हा हा गडी वरळीच्या बीडीडी चाळीत सभांचे फलक रंगवायला लागला. अक्षर असं की पोलिसही थांबून वाचत. त्या कचेरीतले मुख्य नकाशाकार अण्णा रेगे यांनी असाच एक फलक पाहिला, रंगवणारा शोधून काढला आणि महिनाभराच्या बोलीवर त्याला टेबलाशी बसवलं. पहिले तीन आठवडे त्याने इमारतींच्या नकाशांवर इंग्रजीत ‘जिना’ आणि ‘संडास’ एवढंच लिहिलं. आपण कसला जागतिक कारभार करतोय ते त्याने घरी सांगितलं नाही.

घरी त्याची बायको शेवंता होती, आणि कॉटखाली दोरीने आवळलेली पत्र्याची पेटी. ठरलं होतं ते स्पष्ट होतं. महिन्याने नोकरी पक्की झाली तर मुंबई, नाही तर खोली सोडायची आणि मालवणची गाडी. जास्तीची भांडी, देव, तिची दोन लुगडी, सगळं त्या पेटीत गेलं होतं. महिना संपायला आता दोन दिवस उरले होते.

अशा वेळी हातात इस्तंबूल पडलं! तुळशीदास हरखून गेला. जेवताना शेवंताला म्हणाला, “अगो, हयसून ट्रक सुटलो की थेट तुर्कस्तान! आपलां कापड, कोकणातले काजू, सगळां जातला.”

“गिरणी बंद असा. कापड कोण विणतला?” शेवंताने विचारलं.

“रस्तो झालो की गिरणी कशी बंद रवतली?” हा त्याचा हिशेब. शेवंताने भात वाढला.

दुसऱ्या दिवशी अण्णा चार वाजताच दाताच्या डॉक्टरकडे गेले. जाताना बजावून गेले, “नावं संपव. कोपऱ्यातली खुणांची चौकट उद्या मी सांगेन तशी लिही. अकराला दिल्लीचे साहेब येतायत.” तुळशीदासाने नावं संपवली. मंडाले लिहून मान वर केली, तर काय? ब्रह्मदेशात रेषा तुटलेली. थोडी रेषा, थोडी मोकळी जागा, पुन्हा रेषा, पुन्हा मोकळी जागा. अण्णांचं वय झालं, पेनातली शाई अडकली असणार, त्यांना दिसलंच नसणार, असं त्याला वाटलं. आणि साच्यावर एकोणीस वर्षं काढलेल्या माणसासमोर तुटलेला धागा आला तर तो काय करील? विचारायला जाईल? हात आपोआप पुढे जातो. त्याने जीव ओतून एकूण एक फट शाईने भरली. जोड ओळखूही येत नव्हते. अण्णा खूश होतील या आनंदात स्वारी शीळ घालत घरी गेली.

सकाळी अण्णांनी सुजलेल्या गालावर हात धरून नकाशा पाहिला आणि ब्रह्मदेशावर बोट ठेवलं.

“अरे, हे काय केलंस? तो रस्ता अजून झालेलाच नाही! तिथे जंगल आहे, डोंगर आहेत. जो करायचा आहे, तो तुटक रेषेने दाखवतात. तो करावा म्हणूनच तर साहेब येतायत ना! या नकाशाप्रमाणे तर काम झालं, साहेबांनी घरी जावं!”

तुळशीदासाच्या डोळ्यांपुढे पेटी आली. घड्याळात साडेनऊ वाजले होते. नवा नकाशा काढायला आठवडा गेला असता.

“अण्णा, ब्लेड द्या,” तो म्हणाला.

“ट्रेसिंगचा कागद आहे तो. फाटेल.”

“चुकीचा धागा भरला गेला तर कापड न फाडता उसवायचं असतं. तेवढं येतं मला.”

अर्धं ब्लेड बोटांत धरून तो वाकला. श्वास रोखायचा, अलगद खरवडायचं, फुंकर मारायची. एकेक फट मोकळी होत गेली. अण्णा दात विसरून शेजारी उभे होते, जणू क्रिकेटचा शेवटचा चेंडू पडायचा होता. अकराला दहा कमी असताना ब्रह्मदेशातला रस्ता पुन्हा तुटला. मग अण्णा सांगत गेले आणि त्याने कोपऱ्यातली चौकट लिहिली: सलग रेषा, झालेला रस्ता, तुटक रेषा, होणारा रस्ता. लिहिताना त्याला समोरच्या खिडकीतून गिरणीची थंड चिमणी दिसत होती. त्याला फार बरं वाटलं, का ते त्याला सांगता आलं नसतं.

साहेबांनी नकाशा उजेडाकडे धरला आणि विचारलं, “लेटरिंग कोणाचं?” अण्णांनी बोट दाखवलं. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात पडलं.

तुळशीदास प्रभादेवीहून चाळीपर्यंत जवळजवळ पळतच आला. दारातूनच ओरडला, “शेवंता, पेटी सोड!”

शेवंता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. “सकाळीच सोडलंय. तुमचो हात मी काय आज बघतंय?” ती म्हणाली. त्याचा ओला सदरा तिने झटकला आणि पेटीच्याच दोरीवर टाकला.