मास्तरचा अडाणी जंतू

मास्तर, त्याची बायको म्हंजे आमची मास्तरीणबाय, मी, नि बाटल्यांतले जंतू. पनवेलच्या त्या मागच्या खोलीत तवा एवढीच माणसं व्हती. जंतूंना माणसांत धरलं म्हणून हसू नका, मास्तर पयला त्यांनाच धरायचा. अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात त्याच्यावानी येडा नि त्याच्यावानी भला माणूस दुसरा झाला नाय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन. मी दुसरी शिकलेली. मी बोलते, नात लिहून घेते.

मास्तर शाळेत सायन्स शिकवायचा. बेने इस्रायल लोक ते, शनवार पाळणारे. माझा नवरा मिठागरावर मेला, कडेवर पोर व्हती, म्हणून मी मास्तरकडं बाटल्या धुवायला राहिले. बाटलीच्या तोंडात कापसाचं बूच लागायचं, नि मास्तरला दुकानातला कापूस पसंत नाय, उशीतला पसंत. घरातल्या समद्या उशा त्यानं अशा पोखरल्या की मास्तरीणबाय नुसत्या अभ्र्यावर डोकं टेकून झोपायची. ती बोलायची, "माझी मान मोडली तरी चालंल, ह्यांच्या जंतूंना वारा लागायला नको." भाताच्या टोपात बाटल्या उकडायच्या, नि भात शेजारणीकडं शिजायचा. पाव्हणा आला की मास्तर आधी बाटल्यांची खुशाली सांगायचा, मंग बायकोची.

त्यातला एक जंतू त्याचा फार लाडका, कारण तो अडाणी व्हता. बाकीचे जंतू साखर नि मीठ खाऊन अंगाला लागेल ते समदं घरीच करतात. ह्याला एक पांढरी पूड करता येत नसे, ती आयती घालावी लागायची. तिचं नाव माझ्या जिभेवर कवा बसलं नाय. मास्तरचा हट्ट एकच, हा उपाशी राहून एक दिवस शिकेल. म्हणून पूड घातलेल्या बाटलीतनं तारेनं थेंब उचलायचा नि बिनपुडीच्या, नुसत्या साखर-मिठाच्या बाटलीत सोडायचा. पाणी निवळ राहिलं तर जंतू उपाशी, गढूळ झालं तर शिकला. वर्षामागून वर्षं पाणी निवळ. मास्तरीणबायचे भाऊ इस्रायलला गेलेले, ती रोज चला चला करायची. मास्तर बोलायचा, "ह्याला शिकू दे, मग निघू." दुसरं त्याला या जगात काय नको व्हतं.

एकदा मला समजवायला लागला. "बाय, पहिल्यांदा समुद्रात सगळं आयतं होतं. भाकऱ्याच तरंगत होत्या म्हण. जंतूंनी त्या खाऊन संपवल्या. मग ज्याला पिठाची भाकरी थापता आली तो जगला. पीठ संपलं, तेव्हा ज्याला दळता आलं तो. तांदूळ संपले, तेव्हा ज्याला भात कांडता आला तो. शेवटचं काम आधी शिकले, नि पहिलं काम शेवटी. एकेका कामाला त्यांच्या अंगात एकेक कामकरी असतो, त्याला एन्झाईम म्हणतात."

मी बोलले, "मास्तर, ह्यात नवीन काय हाय? आई व्हती तवर मला भाकर आयती. ती गेली नि थापायला शिकले. नवरा गेला, पीठ सरलं, जात्यावर बसले. तांदूळ सरले तवा उखळ धरलं. भातही सरला तवा लोकांच्या खाचरात लावणीला उतरले."

मास्तरनं कप खाली ठेवला. "पण दळणारा कामकरी तुझ्याकडं आला कुठनं?"

"येनार कुठनं? थापनारे हातच जात्यावर बसले."

ते त्यानं वहीत लिहून घेतलं. आठवडाभर शाळेतल्या मास्तरांना अडवून अडवून सांगत व्हता, नि ते पळत व्हते.

शनवारी तो विस्तव पेटवत नसे, नि कुणाला काम सांगतही नसे. पण जंतूंना शनवार नाय. मंग मास्तर माझ्याकडं पाठ करून बसायचा नि भिंतीला सांगायचा, "भिंती, तार विस्तवात लाल होईस्तोवर धरावी, दुसरा जंतू मरतो. भिंती, बूच दोन बोटांत धरावं, खाली ठेवू नये." असं ऐकून ऐकून मी समदं शिकले.

अशाच एका शनवारी मला त्या उपाशी जंतूची कणव आली. भूक काय असते ते मला ठाव. चमचाभर पेज सोडली बाटलीत. सोमवारी पाणी गढूळ. मास्तर शाळा सोडून गल्लीभर पेढे वाटत फिरला. तिसऱ्या दिवशी मी पेजेचं कबूल केलं. तो रागावला नाय. नुसता खुर्चीत बसला नि बोलला, "पेज गोड होती का गो?"

पुढं मास्तरीणबायच्या भावांनी बोटीची तिकिटं धाडली, मंग मास्तरचं काय चाललं नाय. रविवारी निघायचं. बांधाबांध झाली, थेंब सोडलेली बिनपुडीची शेवटची बाटली तेवढी खिडकीत राहिली, नि उकडलेल्या पाण्याच्या चार कोऱ्या बाटल्या. शनवारी सकाळी बघतो तर पाणी गढूळ. मास्तरनं बाटलीकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"बाय, पेज?"

"नाय मास्तर. पोरीची आन."

"बरं," तो बोलला. "भली आहेस तू."

मला तवाच कळलं. त्याला वाटलं, तो सुखानं जावा म्हणून मी घातली. त्या दिवशी तो भिंतीला काय बोलला नाय.

रविवारी ती दोघं गेली. मी तार लाल केली, त्या बाटलीतला थेंब नव्या बिनपुडीच्या बाटलीत सोडला. दोन दिसांत गढूळ. तिच्यातनं तिसरीत सोडला, तीपण गढूळ. पेज असती तर थेंबाथेंबानं सरली असती, नि पाणी निवळ राहिलं असतं. मास्तरनं उकडून ठेवलेलं पाणी सरेस्तोवर मी हेच केलं. पत्ता मागून घ्यायचं मला सुचलं नव्हतं, नि दुसरीच्या शिक्षणावर पत्र लिहायला येतही नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची तिकडं वळख असंल, नि पनवेलचा जंतू पाळणारा मास्तर, नायतर त्याच्या घरचं कुणी भेटलं, तर एवढं सांगा. त्या बाटलीत मी काय घातलं नव्हतं. तो शिकला व्हता.