हिराजी तांडेल आणि न संपलेला सिनेमा

हिराजी तांडेल झोपेतून उठले की डोळे नीट उघडण्याआधी स्वतःचं मनगट चाटत. आमटीत मीठ पडलंय की नाही ते बघावं तसं, जिभेचं टोक लावून, अगदी लक्ष देऊन. मग चेहऱ्याचा रंग उतरे. तसेच धडपडत न्हाणीकडे जात, मनगट विहिरीच्या पाण्याने खसाखसा धूत आणि पुन्हा चाटून बघत. या वेळी खारट लागलं नाही की खांदे सैल पडत आणि बायकोला, काशीकाकींना, हाक येई, "काशे, चाय टाक."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते अलिबागजवळच्या थळला राहायला आले त्याच दुपारी. गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि तांडेलांच्या घराची माडी मी भाड्याने घेतली होती. मी माणगावकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. समुद्र सहलीत बघितलेला तेवढाच. हातात बॅगा घेऊन ओटीवर उभी होते आणि समोर एक धिप्पाड म्हातारा स्वतःचा हात चाटत होता. माझ्याकडे लक्ष गेल्यावर ते मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, "घाम पन खारट, दर्या पन खारट. कसा वलखायचा, सांग बाय?" प्रश्न इतका मनापासूनचा होता की मला हसू आलं नाही.

तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो. पण मी त्यांना बोटीवर कधीच पाहिलं नाही. घरामागे पंचवीस-तीस पावलांवर समुद्र, आणि हे त्याच्याकडे पाठ करून दिवसभर इतरांची जाळी विणत बसलेले. वाळूत पाऊलसुद्धा टाकत नसत. आणि कोणी काहीही सांगितलं की एकच विचारत: "खात्री हाय का?" मी म्हटलं, उद्या शाळेला सुट्टी आहे. "खात्री हाय का?" काकी म्हणाल्या, भात झाला, बसा. "खात्री हाय का?" अलिबागच्या बाजारात मासळी विकून आवाज कमावलेल्या काशीकाकी फटकन म्हणत, "न्हाय, कच्चा हाय. दगड खा." पण वाढताना त्यांचा हात हळू होई, हेही मी पाहिलं होतं.

या सगळ्यामागचं कारण काकींनीच मला सांगितलं. मी येण्याच्या दोन वर्षं आधी, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला बोट वादळात उलटली. हिराजीकाका आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायण एका निळ्या पिंपाला धरून तरंगत राहिले. रात्र गेली, पुढचा दिवस जवळजवळ संपला. आगरदांड्याकडच्या एका बोटीने पिंप पाहिलं तेव्हा त्याला एकटे हिराजीच होते. "जिवंत आयले," काकी म्हणाल्या, "पन आयले का, तां त्यांनाच ठाव न्हाय." तेव्हा मला या वाक्याचा अर्थ लागला नव्हता.

तो लागला एका रविवारी दुपारी. टीव्हीवर हिंदीत केलेला एक परदेशी सिनेमा चालू होता. काकी बाजारात होत्या, मी खाली वह्या तपासत बसले होते आणि काका जाळं मांडीवर घेऊन बघत होते. सिनेमात एक यंत्र होतं. ते लावलं की माणूस दुसऱ्याच्या स्वप्नात शिरे आणि तिथे हरवलेल्याला शोधून आणे. नायक असाच एका स्वप्नात अडकून पडतो. त्या जगाचे दोन कायदे होते. स्वप्नातला दरवाजा कधी बंद होत नाही. आणि ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने बाहेर पडायचं, दुसरी वाट नाही. शेवटी नायक पावसातून घरी येतो. दिवा लागलेला असतो. त्याची बायको खुर्चीतून उठून उभी राहते. तो आत येतो, हात मागे नेऊन दरवाजा ढकलतो, आणि पडदा काळा होतो. नावं यायला लागतात.

"फुडं?" काका म्हणाले.

"संपला."

"संपला कसा? दरवाजा लागला का न्हाय?"

"ते दाखवलं नाही, काका. आपण ठरवायचं."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. "आपन ठरवून कसा व्हईल? तो घरी हाय का न्हाय, तां आपल्यावर हाय व्हय? ज्यानं बनवला त्याला तरी ठाव असंल ना?"

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी कोणालाच सोडलं नाही. ओटीसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते तो शेवट सांगत आणि विचारत, लागला का दरवाजा? टपरीवाला म्हणाला, लागला असेल, हिरो आहे, मरतो कशाला. कारखान्याच्या पाळीवरून परतणारा एक फिटर म्हणाला, अहो तांडेल, दुसरा भाग काढायचा असतो त्यांना. सगळे हसत आणि पुढे जात. काका हसत नसत. एका संध्याकाळी माडीवर आले आणि म्हणाले, "बाय, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर लाव. शेवटचा तेवढा."

मी लावला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "बूट बघ त्याचे. भायेर पाऊस धो धो. बूट कोरडे."

मी वाकून पाहिलं. खरंच कोरडे होते. शूटिंगमध्ये अशा चुका राहतात, मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला. भर उजेडात, माझ्याच खोलीत, मी दाराकडे बघितलं. ते उघडं होतं.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्याचीच गोष्ट. पाण्यात असताना त्यांना झोप लागे. डोळा लागला की ते घरी पोचत. पायऱ्या चढत. काकी चुलीपुढून उठून कढत पेज देत. "गरम लागायची, बाय. जीभ भाजायची. काशी रडायची, मी बोलायचो, रडतेस कशाला, आयलो ना. आनि मग तोंडात पानी जायचा न् डोळं उघडायचं. पिंप, न् काळा पानी. असा किती वेळा झाला. दर वेळी मना वाटलं, आता खराच आयलो." ते थांबले. "मग त्या बोटवाल्यांनी काढला. घरी आनला. काशी रडली. मी बोललो, आयलो ना. आता तू सांग. ह्या वेळचा खरा, ह्याची खात्री काय?"

मी विज्ञान शिकवते. दोन वर्षं सलग स्वप्न पडत नाही, असं काहीतरी मी बोलले. ते म्हणाले, "स्वप्नातली बाय पन असाच बोलंल."

त्यानंतर घरात एक निराळीच शांतता आली. काकांनी मनगट चाटणं सोडलं. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण ज्याला उत्तर मिळालंय त्याच्यासारखे ते स्वस्थ झाले होते, आणि त्या स्वस्थपणाचीच मला भीती वाटू लागली. ते काकींकडे टक लावून बघत बसत, ओळखीच्या माणसाचा जुना फोटो बघावा तसे. एकदा तर जाळं विणायचं सोडून समुद्राकडे तोंड करून बसलेले दिसले. मी काकींना सगळं सांगितलं, त्या स्वप्नांसकट. काकी दोन दिवस बाजाराला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या ताजी मासळी घ्यायला बंदरावर गेल्या आणि मी अर्ध्या शाळेवरून घरी आले, तर ओटी रिकामी.

काकी मागोमाग टोपली घेऊन येत होत्या. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी टोपली खाली टाकली. आम्ही घरामागे धावलो. दुपारचं ऊन पाण्यावर लखलखत होतं, भरती चढत होती, समोर खांदेरीचा किल्ला. आणि काका कमरेपर्यंत पाण्यात, पाठमोरे, शेतात जावं तसे संथपणे आत चाललेले. त्याच क्षणी मला सिनेमाचा दुसरा कायदा आठवला. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर. ते जीव द्यायला निघाले नव्हते. ते उठायला निघाले होते.

काकींना पोहता येत नव्हतं. मलाही नाही. पण त्या लुगड्याचा काष्टा खोचत सरळ आत शिरल्या आणि मीही शिरले. पायाखालची वाळू सरकत होती. पाणी पोटाला लागलं, मी ओरडत होते पण काय ते आठवत नाही. काकींनी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू पकडली.

"सोड, काशे. मना उठू दे."

एरवी नवऱ्याला "अवं" म्हणणारी ती बाई त्या दिवशी एकेरीवर आली. "उठून कुठं जाशील?"

"नारायण थांबलाय. मी हितं पेज खातोय न् तो पिंपाला धरून एकला हाय."

एक लाट आली, तिघेही हेलपाटलो. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. मी काकांचा दंड धरला. तो दगडासारखा कडक झाला होता. काकींनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवलं.

"तुझ्या त्या सपनांत नारायण घरी यायचा?"

काकांनी तोंड सोडवून घ्यायला बघितलं.

"सांग मना. यायचा का?"

"यायचा," काका म्हणाले. "दर वेळी. पेज पयली त्यालाच द्यायचीस."

"न् ह्या वेळी?"

काकांची नजर पुन्हा पाण्याकडे वळली. काकी म्हणाल्या, "तू दवाखान्यात व्हतास तवा तो किनाऱ्याला लागला. मी गेलते बघायला. मना कवा सांगू दिलं न्हाय तू, कानावर हात ठेवायचास. आता ऐक. त्याच्या डोळ्यांत वाळू व्हती. ती मी पदरानं पुसली. एका पायात चप्पल तशीच व्हती, ती मी काढली. ह्यातला काय तुला ठाव व्हता?"

"न्हाय," काका म्हणाले.

"मग जां तुला ठाव न्हाय, तां तुझ्या सपनात कसा येईल? नारायण गेला. थांबला न्हाय कुठं. तो गेला."

माझ्या हातातला दंड सैल पडला. पुढच्या लाटेबरोबर ते एकदम खचले आणि आम्ही दोघींनी त्यांना कसंबसं ओढत वाळूवर आणलं. तिथे उताणे पडून ते रडले. दोन वर्षांत नारायणसाठी पहिल्यांदा, काकींनी नंतर सांगितलं. तोपर्यंत गाव गोळा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं. सुतक दोन वर्षं उशिरा धरलं. अलिबागच्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेऊ लागले. गोळ्यांनी झोप येऊ लागली. भीती गेली असं मात्र मी म्हणणार नाही. दुपारी ते आडवे झाले की काकी उशाशी बसत. झोपेत त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पडे, ओठ घट्ट मिटत, पाण्याला आत येऊ द्यायचं नाही असे. ते दिसलं की काकी खांद्याला धरून त्यांना हलवत: "अवं, घरी हाव तुमी." कधी दुपारभर हेच चाले.

सिनेमाचं नाव मी पुन्हा काढलं नाही. त्यांनीच काढलं, माझी बदली झाली तेव्हा. अलिबागच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आले होते. म्हणाले, "तो घरीच आयला, बाय."

"खात्री आहे?" मी विचारलं.

"न्हाय. पन त्याची बायको उठून उभी र्‍हायली ना? आता तिला तशीच उभी ठेवून तो जाईल कुठं?"

बूट कोरडे होते, हे मी बोलले नाही. त्यांच्याही ते लक्षात असणारच.

मागच्या हिवाळ्यात काकींचा फोन आला. जेवून दुपारी झोपले ते झोपेतच गेले. मी विचारलं, तुम्ही जवळ होतात ना? काकी म्हणाल्या, "उशालाच व्हते. पन उठवला न्हाय गं मी त्यांना. तोंड एवढा शांत व्हता. मी बोलले, आज झोपलेत, तर झोपू दे."