स्वीडिशमध्ये म्हटलेली आशा

दादानं आठवीतच शाळा सोडून शेत धरलं, म्हणून मी शिकू शकले. पुढे शिष्यवृत्तीवर दोन वर्षं स्वीडनला राहिले, तिथली भाषा शिकले. आता कुरुंद्याला घरीच बसून, त्या देशात नव्यानं आलेल्या लोकांसाठी सरावाची वाक्यं इंग्रजीतून स्वीडिशमध्ये करून देते. तिथल्या एक बाई ती तपासतात.

गेल्या वर्षी हळद काढणीच्या दिवसांत माझ्याकडे अपेक्षेची वाक्यं आली. भेटीची आतुरता, सगळं नीट होईल ही आशा, असली. इंग्रजीत लोक ती सहज बोलून जातात, स्वीडिशमध्येही. मी मात्र प्रत्येक वाक्यापाशी अडत होते. आमच्या घरात असलं कोणी मोठ्यानं म्हणत नाही. खळ्यावर रास मोजताना किती पोती होतील ते विचारायचं नाही. पहिलं माप 'एक' म्हणून नाही, 'लाभ' म्हणून टाकायचं. येणाऱ्या गोष्टीचं नाव घेतलं की ती हुकते, असं माय मानते.

तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा मायनं हौसेनं गोधड्या शिवायला घेतल्या होत्या. या वेळी तिनं सुईला हात लावला नाही. वहिनीला घागर उचलू द्यायची नाही, ताटात तूप जास्त वाढायची, पण कशासाठी ते बोलायची नाही. शेजारणींनी विचारलं तर पित्ताची तकलीफ आहे म्हणून वाटेला लावायची.

एका दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. लेकरू होणार असलं की तिकडं काय म्हणतात, असं तिनं विचारलं.

"वी वेंतार बार्न," मी सांगितलं. "आम्ही बाळाची वाट बघतोय."

"असं सरळच?"

"व्हय. दुकानात, बसमध्ये, कुणालाही."

तिनं दाराकडे पाहिलं. "इथं कुणाला कळत न्हाई ना ताई हे?"

"कुणालाच न्हाई."

मग तिनं ते वाक्य हळूच म्हटलं. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं आणि तिनं पदरात तोंड घातलं.

माय दारात येऊन उभी होती. काय चाललंय, असं तिनं विचारलं. हवामानाचं वाक्य आहे, असं मी सांगितलं.

"हवामानानं कुणी रडत न्हाई," माय म्हणाली. "काहून बोलून राहिल्या तुमी? बोलून टिकलं का काही या घरात?"

ती अंगणात वाळत घातलेली हळद हलवायला निघून गेली. वहिनीनं पुन्हा ते वाक्य काढलं नाही. मलाही धीर झाला नाही.

सातव्या महिन्यातच वहिनीला कळा सुरू झाल्या. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी नांदेडला पाठवलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आताच काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादा बाहेर भिंतीला टेकून खाली बसला तो उठेना. वहिनीला अजून हलवता येत नव्हतं. म्हणून लेकराजवळ मायला सोडलं, आणि तिच्याबरोबर मला.

माय काचेवर वाकली. ती देवाचं नाव घेईल असं मला वाटलं.

"ए पोरी, ऐक," ती म्हणाली. "तुला घरी यायचंय. रांगायचंय, मग चालायचंय. तुझ्या बापाच्या खांद्यावर बसून नागनाथाच्या जत्रंला जायचंय. आत्यावाणी शाळा शिकायचीय. माझ्याशी भांडायचंय. समदं करायचंय तुला."

नर्सनं हळू बोलायला सांगितलं. मायनं आवाज खाली आणला, पण ती थांबली नाही. लग्नापर्यंतचं सगळं तिनं त्या लेकराला सांगितलं.

पोरगी पुढे घरी आली. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मायलाही नव्हतं. पेटीजवळच्या यंत्रांचा बारीक आवाज येत होता, आणि ती बोलत होती.