चिन्नोर आणि पोटातली जाळी

देवरीजवळच्या डोमनलाल टेंभऱ्याला राग म्हणून येतच नाही, असं सारं गाव समजत होतं. गावाची ती समजूत एका डॉक्टरनं मोडली.

२००८ साली डोमनलालच्या पायात रक्ताची गाठ झाली. ती फुफ्फुसात जाऊ नये म्हणून गोंदियातल्या या डॉक्टरनं त्याच्या पोटातल्या मोठ्या शिरेत तारांची जाळी बसवली. जीव वाचला. तीन महिन्यांनी जाळी काढायची, ही ओळ इंग्रजी कागदात होती. तोंडानं कोणी सांगितली नाही. आणि आपल्याकडे बरा झालेला माणूस डॉक्टरकडे तपासायला थोडाच जातो? तो नव्या धानाचे तांदूळ घेऊन जातो. दर दिवाळीनंतर डोमनलाल सुवासिक चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन डॉक्टरच्या घरी हजर. डॉक्टर मूठभर तांदूळ नाकाशी नेई, खूश होई. जाळीचं नावही काढत नसे.

चौथ्या वर्षी लघवीतून रक्त जाऊ लागलं. डोमनलालनं ते डॉक्टरच्या दारातच सांगितलं. उष्णता असेल, पाणी पीत जा, असं म्हणत डॉक्टर पिशवी घेऊन आत गेला. घरी बायकोनं, रुक्मानं, मुतखडा समजून वर्षभर कुळथाचं पाणी पाजलं. कंबरेची कळ काही जाईना. शेवटी नागपुरात तपासणी झाली. जाळीची एक तार शिरेबाहेर येऊन किडनीपासून निघणाऱ्या मूत्रवाहिनीत घुसली होती. उजवी किडनी सुजून कामातून गेलेली, काढावीच लागली.

मग डोमनलाल पेटला. पैसे गेले खड्ड्यात, त्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. ग्राहक मंचात त्यानं तक्रार केली. डॉक्टरनं लेखी उत्तर दिलं, की रुग्ण घरी गेला तो पुन्हा कधी भेटलाच नाही.

तारखेला डॉक्टर ऐटीत उभा होता. डोमनलालनं बोलायची परवानगी मागितली आणि हात जोडून, अगदी गोडीत विचारलं, "साहेब, शेवटच्या सालचा चिन्नोर मले काई बरा नाई वाटला. तुमाले कसा लागला जी?"

सवयच ती. डॉक्टर बोलून गेला, "हां, थोडी कणी थी उसमें. त्याच्या आधीचा चांगला होता."

अध्यक्षांनी मान वर केली. डॉक्टरचा वकील खाली बघू लागला.

"पाच साल तांदूळ खाल्ला," डोमनलाल म्हणाला, "अन् मी भेटलोच नाई?"

किडनी काही परत आली नाही. पण डॉक्टरचा उतरलेला चेहरा डोमनलालनं डोळे भरून पाहिला, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला, गरज नसतानाही, तो पहिल्या बाकावर येऊन बसला.