व्हेनेराबाईंनी नाकारलेले बावीस

विद्यापीठातल्या आमच्या विभागात माणसं कमी, म्हणून सरावाची उदाहरणं करून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात. मंगळवारी डेटाबेस, गुरुवारी पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र. मी कागद वाटतो आणि पोरं आधी शेवटचं पान उघडतात, कारण उत्तरं तिथे असतात. व्हेनेराबाई मात्र पहिल्या ओळीपासून माझं डोकं खायच्या.

वयानं माझ्याहून मोठ्या. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमच्याच गावच्या नगरपालिकेत त्या दाखल्यांच्या खिडकीवर बसत. खिडकी बंद झाली की कातानिया शहराची बस पकडून वर्गात हजर. डेटाबेसच्या पहिल्याच उदाहरणात मी लिहिलं होतं, प्रत्येक नागरिकाचा पत्ता एकच. बाईंनी हात वर केला.

"सर, आमच्या गल्लीतला तूरी दोन घरांत राहतो."

"उदाहरणापुरता एकच धरा."

"मी धरीन हो. पण त्या दुसऱ्या घरातली धरेल का?"

वर्ग खिदळला, मी चिडलो. त्या विषयात त्यांनी तिसांपैकी अठ्ठावीस मिळवले.

भौतिकशास्त्र मात्र त्यांच्या डोक्यावरून जायचं. बाकी सगळे विषय सुटले, प्रबंधही लिहून झाला, हा एकच विषय मानगुटीवर बसून राहिला. अशात पालिकेच्या संगणक विभागात जागा निघाली. जुलैअखेर पदवी हातात हवी, एवढीच अट. म्हणजे जुलैची तोंडी परीक्षा पार पडली तरच खिडकीवरून सुटका. त्यांचा नवरा नून्झियो पदवी मिळाल्यावर वाटायच्या लाल साखरबदामांची ऑर्डर आधीच देऊन बसला, आणि अपशकुन केलास म्हणून सासूनं जावयाचा यथेच्छ उद्धार केला.

तोंडी परीक्षा आमच्याकडे दार उघडं ठेवून होते, ज्याला ऐकायचं त्यानं मागे बसावं. प्राध्यापक स्पादाफोरा निवृत्तीला टेकलेले, मनानं अगदी लोणी. त्यांनी माझ्याच कागदावरचं उदाहरण घातलं: ट्रकच्या हौद्यात पेटी आहे. पेटी घसरू न देता ट्रकला वेग किती झपाट्यानं वाढवता येईल? बाईंनी फळ्यावर झरझर मांडलं. उत्तर बरोबर.

"छान! आता सांगा, घर्षण तर अडवतं म्हणतात. मग इथे ते पेटीला पुढे का नेतंय?"

खडू नुसता बाईंच्या बोटांत फिरत राहिला.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "बावीस देतो. घेताय ना?"

अठराला पास. पण गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुढच्या खेपेला पुन्हा बसता येतं. हे चोचले तिसाची हाव असलेल्या पोरांचे. मागून कुणीतरी पुटपुटलं, "घ्या की बाई!"

"नको, सर," बाई म्हणाल्या. "हे मी सरावाच्या कागदावरून पाठ केलंय. मला यातलं काही कळलेलं नाही."

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावलो.

"डोकं फिरलंय का तुमचं? ती जागा जाईल!"

"जाईल."

"मग?"

"मग काय? खिडकीवर लोक विचारतात, बाई, माझं नाव इथे का नाही? मी म्हणते, संगणकात नाही. इतकी वर्षं हेच सांगतेय. वर संगणक विभागात जाऊनही हेच सांगायचं, तर खिडकी काय वाईट आहे?"

जागा दुसऱ्याला मिळाली. नून्झियोनं अबोला धरला.

ऑगस्टच्या उन्हात बाई दिराच्या तीनचाकी टेम्पोत कलिंगडांच्या पेटीशेजारी बसलेल्या दिसू लागल्या. दिरानं गाडी झटक्यात सोडायची, थांबायचं, पुन्हा सोडायची. सगळी गल्ली गॅलरीत जमली.

"अगं व्हेनेरा, कलिंगडं विकायला निघालीस की स्वतःला?"

"जो भाव येईल तो घेईन, मावशी!"

एका दुपारी तोच टेम्पो माझ्या दारात थांबला. बाई घामानं निथळत होत्या.

"सर, पेटी जागीच राहू पाहते. खालचा हौदा तिला मागे राहू देत नाही, आपल्याबरोबर ओढून नेतो! घर्षण अडवतं ते घसरणं. पुढे जाणं नव्हे!"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारलीही. दीर बघतच राहिला.

सप्टेंबरच्या परीक्षेला नव्या प्राध्यापिका लोमोनाको, गुण देताना हात आखडणाऱ्या. वळणावरच्या बसचं उदाहरण पडलं. बाई घाबरून गुणाकारात चुकल्या, दुरुस्त करताना पुन्हा चुकल्या. पण प्रत्येक 'का'ला त्यांनी फळ्याकडे पाठ करून, लोमोनाकोबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिलं.

"समज पक्की, आकडेमोड कच्ची," लोमोनाकोबाई म्हणाल्या. "एकोणीस. यानं तुमची सरासरी घसरेल. नाकारलेत तरी मी समजू शकते."

"नाकारू?" व्हेनेराबाईंचा आवाज चिरकला. "हे माझे आहेत हो! लिहा, आधी लिहा!"

"बावीस सोडले आणि एकोणिसावर रडतेय!" नून्झियो मागच्या बाकावरून ओरडला.

त्या खरंच रडत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही.