जनसेवकाचं पुढचं चाक

काही घटना पोलीस अधिकाऱ्याच्या मनावर कायमच्या कोरल्या जातात, असं म्हणतात. मला आजही आठवते ती घटना चाकावर कोरलेली होती.

दुष्काळाचा उन्हाळा होता. शहर गारखेडा वस्तीच्या पुढे वाढत चाललं होतं, नळ मात्र जिथल्या तिथे होते. एका होतकरू पुढाऱ्याने मोफत टँकर सुरू केला आणि उद्घाटनाला तो स्वतः मोटारसायकलवर टँकरच्या पुढे निघाला. चाकं आरशासारखी पॉलिश केलेली. टँकर दिसताच एक बाई हंडा घेऊन आडवी धावली. त्याने करकचून ब्रेक दाबला, पुढचं चाक जाम झालं आणि पुढारी रस्त्यावर आला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. बाई हंडा भरून घरी गेली.

गाडीला एबीएस होतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चाकाजवळच्या रिंगला सारख्या अंतरावर भोकं असतात. सेन्सर ती मोजतो आणि चाक अडतंय असं दिसलं, की ब्रेक क्षणभर सैल होतो. हे मोजणं बंद पडलं, तर मीटरवर पिवळा दिवा लागतो. परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने गाडी तपासली. मूळ रिंग काढून तिथे चकचकीत स्टीलची दुसरी बसवली होती आणि तिच्यात भोकांऐवजी ‘जनसेवक’ ही अक्षरं गोलाकार कापली होती. सेन्सरला मराठी येत नव्हतं.

पुढाऱ्याने फिर्याद दिली, की चाकं पॉलिश करणाऱ्या मेकॅनिकनेच विरोधकांच्या सांगण्यावरून ही रिंग बसवून घातपात केला. ठाण्याबाहेर कार्यकर्ते जमले. ‘अटक कधी?’ असे वरून फोन येऊ लागले. मी मेकॅनिकला चौकशीला आणलं.

“साहेब, म्या चाकाच्या रिमा चमकवल्या, बस. रिंगला हात नाय लावला. आत टाकलं तर गॅरेजचं शटर कायमचं पडंल.”

मला तो खरा वाटला. पण ‘वाटलं’ हा शब्द केस डायरीत चालत नाही.

त्याच आठवड्यात आमचे जमादार औरंगपुऱ्यात नेमप्लेटच्या दुकानी गेले. ठाण्यात बदलून आलेल्या अधिकाऱ्याची पाटी आणायची होती. दुकानदार कौतुकाने म्हणाला, “जमादारसाब, जनसेवकांच्या चाकाचं काम बघितलं का? आपल्याच हातचं हाय. लई बारीक कटिंग.” नमुन्याला दिलेली मूळ रिंग अजून त्याच्याकडेच होती. ती आम्ही पंचांसमक्ष जप्त केली. ऑर्डर कोणी दिली, हे मात्र त्याला सांगता येईना. कोणीतरी कार्यकर्ता आला होता, एवढंच.

पुढाऱ्याला जबाबासाठी बोलावलं. तो हात झोळीत बांधून, वकील घेऊन आला. मी चहा मागवला आणि अक्षरांची रिंग टेबलावर ठेवली.

“अक्षरं मात्र सुरेख आहेत,” मी म्हणालो. “त्या मेकॅनिकला नजर आहे.”

“त्याला काय कळतंय अक्षरातलं!” तो उसळला. “नमुन्यावर नमुने नापसंत केले म्या, तवा कुठं हे निघालं.”

“आणि बसवली कोणी?”

“आमच्याच पोरांनी, आमच्या दारात. नारळ फोडून.”

“मग समोर पिवळा दिवा लागला असेल?”

“व्हय. शोभून दिसायचा.”

वकिलाने चहाचा कप खाली ठेवला.

मेकॅनिकच्या ठाण्यातल्या चकरा त्याच संध्याकाळी संपल्या. त्याचं शटर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वर गेलं. माणूस आरोप नाकारतो, कौतुक नाकारत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. आणि फोन खणखणत असताना मी एका निरपराध माणसाला अटक केली नाही, याचा अभिमान निवृत्तीनंतरही उतरलेला नाही.

पुढच्या रस्ता सुरक्षा सप्ताहाला प्रमुख पाहुणा म्हणून तोच पुढारी आला. हार मी घातला.