सगुणामावशीची दोन कोसांची नोकरी

निजामाच्या राजवटीत सगुणामावशी नर्सचं शिकून आली, तेव्हा तिच्यापुढं दोन नोकऱ्या होत्या. एक गावातच, मस्तगडच्या दवाखान्यात, सासरच्या घरापासून पाच मिनिटांवर. दुसरी दोन कोसांवरच्या खेड्यात, रोज जाऊन-येऊन चार कोस पायपीट. मावशीनं खेडं धरलं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

कुणाचं बाळंतपण करून आलेल्या सुनेला सासू विटाळाची म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नसे. अंगणातच, नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावरून गार पाणी घ्यायचं. जवळच्या दवाखान्यातून मावशी दुपारी जेवायला घरी येणार, बोलावणं आलं की पुन्हा जाणार. म्हणजे दिवसाला तीन अंघोळी.

"पाय दुखले तर दुखू दे," ती म्हणायची, "अंघोळ तर एकदाच लागंल."

सहा वर्षं ती अशी चालली. मग बाळंतपणाला माहेरी आलेली नणंद अडली. सुईणीनं हात टेकले. मावशी नुकतीच खेड्यातून येऊन अंगणात ओलेती उभी होती. सासूनं तिला तशीच ओढत आत नेली.

मूल रडलं. मावशी भिंतीला टेकून खाली बसायला लागली.

"सगुणे, इथं टेकू नको," नातवाला निरखत सासू म्हणाली. "बाहीर पानी काढून ठिवलंय."